टॉवेल धरणारी

वडीलमंडळानं कामं वाचून दाखवली:
पाण्यात पाळक हानोक,
काठावर प्रार्थनेला तीमथी आजा,
टॉवेल धरायला रिबका.
रिबका म्हणजे मी.
बाप्तिस्मा कुणाचा, ते मोठ्यानं वाचलं नाही.
गोरजी वसावेचं नाव सगळ्यांना ठाऊकच होतं.

नंदुरबारच्या पथारींवर मी चौदा हंगाम देठ खुडले.
नजर जाईल तिथवर लाल मिरची,
वारा फिरला की बायांची अख्खी ओळ खोकते.
संध्याकाळी खुडलेला माल मोजायचा
आणि काट्याशी उभा गोरजी,
गोणीखाली चपलेचं टोक हळूच सरकवून
किलो-दीड किलो उचलून धरणारा.
आम्ही बघायचो.
आम्ही बघतोय हे तो बघायचा.
मग मिळाले तेवढे पैसे पदराला बांधून घरी.

शिवण नदीला फेब्रुवारीत पाणी असं नसतंच.
पुलाखाली एक डोह, तोही म्हशींचा.
पोरांनी म्हशी वर हाकलल्या,
गढूळ बसायला थोडा वेळ दिला.
पाळक म्हणाले, ही आंघोळ नव्हे, हे पुरणं आहे.
खाली जातो तो जुना माणूस.
मी मनात म्हटलं,
पुरलेल्या माणसाची उधारी कोण फेडतं?

गोरजीनं काठावरून मला विचारलं,
"पानी थंडं शे का वं?"
चौदा वर्षांत त्यानं मला
आकड्याशिवाय काही सांगितलेलं हे पहिलंच.
"मिरचीपेक्षा थंडंच," मी म्हटलं.

पाळकांनी त्याला मागं कलता केला.
डोकं गेलं, छाती गेली,
आणि उजवा पाय तरंगत वर आला.
तोच.
अंगठ्याचं नख काळं, गोण्यांनी चेपलेलं.
तीमथी आजा ओरडला, "पाय राहिला, पाय!"
मी टॉवेलाआड हसले की रडले, देवाला माहीत.
पाळकांनी पुन्हा बुडवला, पाय धरून.

माझा बाप्तिस्माही याच डोहातला.
एकोणीस वर्षांची होते.
वर येताना वाटलं होतं, हातांची आग आता जाईल.
नाही गेली. आजही रात्री
ताकाच्या वाडग्यात बोटं बुडवून बसते,
आणि तशीच प्रार्थना करते.
पाणी काय करतं ते मी सांगू शकत नाही.
काय करत नाही, तेवढं सांगेन.

तो कुडकुडत समोर आला, डोळे मिटलेले.
टॉवेल मी दोन टोकांनीच धरला होता,
माझी बोटं लागली असती तर
नव्या माणसाचे डोळे पहिल्याच दिवशी जळले असते.
तोंड पुसून दिलं.
"पाय तूच पूस," म्हटलं.

सोमवारी त्यानं चप्पल लांब काढून ठेवली.
काट्यापासून हातभर मागं उभा राहिला.
पहिली गोणी चढली, सवयीनं पाय पुढे आला.
त्यानं मागं ओढला.
दुसरी गोणी. पुन्हा आला. पुन्हा ओढला.
त्या संध्याकाळी अठ्ठावीस गोण्या होत्या.
माझी एकतीस किलो चारशे.
मागच्या हंगामांबद्दल तो बोलला नाही.
मीही नाही. तो हिशेब
आमच्या मध्ये अजून उभा आहे, न मोजलेला.

मंडळी म्हणतो आम्ही. साधा शब्द,
जेवणावळीत हाक मारतात तोच.
पत्र्याचं गोदाम भाड्याचं, आधी त्यात सरकी असायची,
पावसाळ्यात अजून तिचा वास येतो.
पंगतीत शेजारी कोण बसेल
हे जेवणारा ठरवत नाही.

रविवारी भाकर ओळीतून फिरत आली,
त्याच्या हातून माझ्या हातात.
मी तुकडा मोडला, उरलेली पुढे दिली.
सलोमीनं घास घेतला आणि तिला ठसका लागला.
मग तिच्या पलीकडच्याला.
मग सगळ्या ओळीला.